मिशी उतरवली की ओळखीचा माणूसही परका का वाटतो? ओळख परेडला जाण्याआधी वाचा

दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवलेला माणूस आठवडी बाजारात गेला की काय होतं, ते खेड्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. घरचे, भावकीतले, रोजचे शेजारी त्याला लांबूनच ओळखतात. पण वर्षातून दोन-तीनदा भेटणारा दुसऱ्या गावचा व्यापारी समोरून येतो, नजरेला नजर मिळते आणि तसाच पुढं निघून जातो. मग दोन दिवसांनी फोन येतो, "अहो, मी तुम्हाला ओळखलंच नाही, माफ करा." त्या बिचाऱ्याने काही मुद्दाम तोंड फिरवलेलं नसतं. त्याच्या डोक्यात तुमची ओळख केस आणि मिशीवरच उभी होती.

घरातलं दीड-दोन वर्षांचं लेकरू तर असा बाप बघून रडायलाच लागतं. बापाने हाक मारली की आवाज ऐकून गप्प होतं, हळूच जवळ येतं. श्रावण पाळणाऱ्यांचंही तसंच. महिनाभर वाढवलेली दाढी उतरली की चार लोक विचारतात, "काय, आजारी होता काय? चेहरा उतरलाय."

हा सगळा हसण्यावारी नेण्याचा विषय वाटेल. पण गळ्यातलं मंगळसूत्र ओढून पळालेला, रात्री विहिरीवरच्या मोटरची केबल कापून नेणारा, गोठ्यातली जनावरं टेम्पोत भरणारा माणूस आपण क्षणभर पाहिलेला असतो आणि दोन महिन्यांनी पोलीस म्हणतात, "या, ओळख पटवा." तेव्हा मेंदूची हीच खोड एखाद्याला तुरुंगात पाठवू शकते किंवा खऱ्या चोराला मोकळं सोडू शकते. म्हणून हे जरा नीट समजून घेऊ.

परका चेहरा आपण कडेकडेनं पाहतो

आपल्याला वाटतं, डोळ्यांनी माणूस पाहिला की फोटो काढल्यासारखा तो डोक्यात बसतो. तसं होत नाही. अनोळखी माणूस पहिल्यांदा दिसतो तेव्हा आपलं लक्ष आधी चेहऱ्याच्या कडांवर जातं. केसांची ठेवण, कपाळ किती मोठं, दाढी आहे की नाही, टोपी, चष्मा. या गोष्टी ठळक असतात, लांबून दिसतात आणि पटकन लक्षात राहतात. अडचण अशी की नेमक्या याच गोष्टी सलूनवाला वीस मिनिटांत बदलू शकतो.

चांगल्या ओळखीच्या माणसाला आपण आतून ओळखतो. डोळे, भुवया, नाक, ओठ आणि त्यांच्यातली अंतरं. ब्रिटनमधल्या तीन संशोधकांनी १९७९ मध्ये हे तपासलं होतं. फोटोतला फक्त बाहेरचा भाग (केस, हनुवटीची कड) किंवा फक्त आतला भाग दाखवून त्यांनी लोकांना विचारलं, हा कोण? ओळखीचे चेहरे आतल्या भागावरून जास्त चांगले ओळखले गेले. अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत आतल्या भागाला असं काही जादा वजन दिसलं नाही.

म्हणूनच कधीकधी उलटाही प्रकार घडतो. नवऱ्याने मिशी काढली तरी बायकोच्या दिवसभर ध्यानात येत नाही. "काहीतरी वेगळं वाटतंय" एवढंच म्हणते. यावरून घरोघरी भांडणं होतात, पण खरं तर ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. तिचा मेंदू मिशीकडे बघतच नव्हता.

वेष बदलल्याने ओळख किती बिघडते, याचा एक जुना प्रयोग १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. लोकांना आधी काही अनोळखी चेहरे दाखवले. नंतर त्याच माणसांना खोटे केस, दाढी, चष्मा लावून किंवा असलेला काढून पुन्हा दाखवलं. एक बदल केला की ओळखणारे कमी झाले, दोन केले की आणखी कमी. नुसती मान वळवली किंवा चेहऱ्यावरचे भाव बदलले, तर इतका फरक पडला नाही. म्हणजे चोराला सर्जरी वगैरे काही करावी लागत नाही. वस्तरा आणि पन्नास रुपयांचा चष्मा पुरतो.

कोरोनात मास्क आले तेव्हा हाच अनुभव सगळ्या जगाला आला. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये चाचणी घेतली तर मास्क लावलेले चेहरे ओळखण्याची क्षमता सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घसरलेली निघाली. आपल्याकडे उन्हाळ्यात गमछा किंवा स्कार्फ गुंडाळून फिरायची सवय आहेच, त्यामुळे आपल्याला हे सांगायला कुणी विद्यापीठ नको होतं म्हणा.

भुवयांचं एक मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात प्रसिद्ध माणसांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया पुसल्या. भुवया नसलेले चेहरे ओळखणं जास्त अवघड गेलं! पुढच्या वेळी कुणाचं वर्णन सांगायची पाळी आली तर भुवया जाड होत्या की विरळ, जोडलेल्या होत्या का, हे आठवून बघा.

मोबाइल उलटा धरा

हा प्रयोग आत्ता करता येतो. गॅलरीतला लग्नाचा एखादा ग्रुप फोटो उघडा, ज्यात तुमचे लांबचे नातेवाईक आहेत. स्क्रीन फिरू नये म्हणून रोटेशन बंद करा आणि फोन उलटा धरा, डोकं खाली पाय वर. आता नावं सांगायचा प्रयत्न करा. अगदी जवळचे दोन-चार ओळखू येतील, बाकीच्यांशी झटापट करावी लागेल. तीच सायकल, तोच बैल, तेच झाड उलटं दाखवलं तर इतका त्रास होत नाही.

कारण मेंदू चेहरा सुटा-सुटा वाचत नाही. नाक वेगळं, डोळे वेगळे असं न पाहता सगळा मिळून एक ठसा म्हणून बघतो. त्यासाठी मेंदूच्या खालच्या बाजूला, कानामागच्या अंगाला एक खास भाग काम करतो. ठसा उलटा झाला की हे काम विस्कटतं. केस गेले, दाढी आली, की ठशाची चौकट बदलते आणि आतलं नाक-डोळे तेच असूनही वेगळे दिसायला लागतात. टक्कल केल्यावर कान मोठे वाटतात, नाक पुढं आल्यासारखं दिसतं. कान तेवढेच असतात.

काही थोड्या लोकांमध्ये हे काम जन्मापासूनच नीट होत नाही. त्यांना रोजची माणसंही चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, चाल, आवाज, कपडे यांवर ते भागवतात. असा कुणी तुमच्या पाहण्यात असेल तर त्याला गर्विष्ठ समजू नका.

एका माणसाचे किती चेहरे?

२०११ मध्ये ब्रिटनमध्ये एक भारी चाचणी झाली. लोकांच्या हातात ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका गठ्ठ्यात लावा. फोटो नेदरलँड्समधल्या फक्त दोन प्रसिद्ध व्यक्तींचे होते, प्रत्येकी वीस. ब्रिटिश लोकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. म्हणजे दोन माणसांच्या जागी त्यांना सात-आठ माणसं दिसली. नेदरलँड्सच्या लोकांना मात्र काहीच जड गेलं नाही, बहुतेकांनी बरोबर दोन गठ्ठे लावले.

ओळख म्हणजे काय, ते इथं कळतं. आपल्या गावचा माणूस आपण पहाटे पाहिलेला असतो, दुपारच्या उन्हात पाहिलेला असतो, तापाने फणफणलेला, लेकीच्या लग्नात रडताना, निवडणुकीत गुलाल माखलेला, असा शंभर रूपांत पाहिलेला असतो. त्यामुळे एकशे एकावं रूप समोर आलं तरी मेंदू गडबडत नाही. परक्याचं आपल्याकडे एकच रूप असतं आणि त्यावर आपण फार मोठा भरवसा ठेवतो.

सवयीने हे सुधारत असेल असं वाटतं, पण तसंही नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची चाचणी घेतली. समोर उभा माणूस आणि फोटोतला माणूस एकच आहे का, एवढं सांगायचं होतं. १४ टक्के वेळा त्यांनी भलत्याच माणसाचा फोटो बरोबर म्हणून पास केला. जास्त वर्षं नोकरी केलेले काही जास्त हुशार निघाले नाहीत. त्याआधी १९९७ मध्ये ब्रिटनच्या एका सुपरमार्केटमध्ये फोटो असलेली बँक कार्डं वापरून बघितली, तर कॅशिअर लोकांनी दुसऱ्याचा फोटो असलेली कार्डं निम्म्याहून जास्त वेळा चालवून घेतली. आणि हे काउंटरवर, फोटो हातात धरून! आठवणीचा तर इथं प्रश्नच नव्हता.

भाऊसाहेबांचा तोतया आणि भवालचा संन्यासी

आपल्याकडे "तोतया पोलिसाने वृद्धेचे दागिने लांबवले" अशी बातमी आठवड्याला एक तरी येते. हा तोतया शब्द आपल्या इतिहासातही गाजलेला आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते नक्की गेले की वाचले, याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्या शंकेच्या जागेत एक माणूस शिरला आणि म्हणाला, मीच भाऊ. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं. १७७६ मध्ये तो तिथून सुटला, माणसं जमवली, कोकणातले किल्ले घेतले. शेवटी पकडून पुण्यात त्याला देहदंड दिला.

पंधरा वर्षांचा काळ मध्ये गेलेला होता. अशा वेळी फरक दिसला तरी लोक स्वतःच त्याचं उत्तर तयार ठेवतात. उन्हातान्हात राहिले, लढाईत जखमा झाल्या, वय झालं, म्हणून असे दिसतात. ज्याला आपला माणूस परत हवा असतो त्याचा मेंदू साम्य शोधतो. तोतयांचं सगळं पोट यावरच चालतं.

याच्या उलट बाजूची गोष्ट बंगालमधली आहे. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीचा मधला कुमार, रमेंद्रनारायण रॉय, १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला असं जाहीर झालं. बारा वर्षांनी ढाक्यात नदीकाठी जटा वाढवलेला, अंगाला राख फासलेला एक साधू दिसला. लोक म्हणू लागले, हा तर आपला कुमार. बहिणीने मानलं. बायकोने शेवटपर्यंत मानलं नाही. एकाच माणसाकडे पाहून घरातल्याच दोघी उलट बोलत होत्या, बघा!

खटला उभा राहिला. दीड हजारांहून जास्त साक्षीदार तपासले गेले. निम्मा मुलूख म्हणतो हा तोच, निम्मा म्हणतो हा नाहीच. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी चेहऱ्याच्या आठवणींवरच भागवलं नाही, तर शरीरावरच्या खुणा, जखमांचे व्रण, पायाच्या कातडीसारख्या बारीक गोष्टी एकेक करून जुळवल्या. १९३६ मध्ये निकाल साधूच्या बाजूने लागला, कलकत्ता हायकोर्टाने आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम ठेवला. निकालानंतर काही दिवसांतच साधू वारला. आजही यावर वाद घालणारे अभ्यासक आहेत. पण एक गोष्ट या खटल्यात उघड झाली, की बारा वर्षं, जटा आणि राख एवढ्याने हजारो साक्षीदारांच्या नजरेला चकवता येतं, मग तो माणूस खरा असो की खोटा.

साक्षीदार प्रामाणिक असूनही

आता अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो, कारण ते प्रत्येक साक्षीदाराने ऐकण्यासारखं आहे. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात जेनिफर थॉम्प्सन या कॉलेजच्या मुलीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला. त्या वेळीही तिने धीर धरून हल्लेखोराचा चेहरा जाणीवपूर्वक लक्षात ठेवला, पुढे त्याला पकडून द्यायचंच म्हणून. पोलिसांनी फोटो दाखवले, तिने रोनाल्ड कॉटन याचा फोटो निवडला. नंतर माणसं उभी करून ओळख परेड झाली, तिथंही तिने कॉटनलाच निवडलं. फोटोतही असलेला आणि परेडमध्येही असलेला तो एकटाच होता. पोलिसांनी तिला सांगितलं, फोटोतही तुम्ही यालाच निवडलं होतं. तिची खात्री आणखी पक्की झाली.

कॉटन तुरुंगात गेला. काही वर्षांनी दुसऱ्या सुनावणीत खरा गुन्हेगार, बॉबी पूल, तिच्यासमोर कोर्टात उभा केला. तिने त्याला ओळखलं नाही. याला मी कधी पाहिलेलं नाही, असं सांगितलं. १९९५ मध्ये डीएनए चाचणी झाली आणि कॉटन निर्दोष ठरला, तेव्हा त्याची दहा वर्षांहून जास्त वर्षं आत गेली होती. पुढे या दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं आणि ओळख परेडची पद्धत सुधारावी म्हणून एकत्र भाषणं दिली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या डोक्यात रात्री पाहिलेल्या चेहऱ्याच्या जागी हळूहळू फोटोतला चेहरा येऊन बसला होता. आणि कॉटन कृष्णवर्णीय, ती गोरी. आपल्या नेहमीच्या पाहण्यातल्या नसलेल्या समाजाचे चेहरे ओळखताना माणूस जास्त चुकतो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. आपण नाही का म्हणत, "बाहेरून आलेले सगळे सारखेच दिसतात"? ऊसतोडीच्या टोळ्या, परराज्यातले मजूर, बहुरूपी, भटक्या जमातीची माणसं यांच्याबद्दल हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते सारखे नसतात. आपण त्यांना नीट पाहिलेलं नसतं.

याची किंमत आपल्या राज्याने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. तिथं कुणी कुणाचा चेहरा ओळखलेला नव्हता, मोबाइलवरच्या अफवेने काम केलं होतं. पण आज त्याच मोबाइलवर सीसीटीव्हीचा अंधुक फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं "हा चोर आहे, दिसल्यास धरा", आणि चार दिवसांनी तशीच टोपी, तशीच दाढी असलेला कुणी एसटी स्टँडवर दिसतो. परका माणूस आपण टोपी-दाढीवरूनच ओळखतो हे वर पाहिलंच. असा कुणी दिसला तर ११२ वर फोन करा. हात लावू नका.

ओळख परेडला जायची वेळ आली तर

गुन्हा आपल्या डोळ्यांसमोर घडला असेल तर त्याच दिवशी, इतरांशी चर्चा करायच्या आधी, जे पाहिलं ते कागदावर लिहा किंवा मोबाइलवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा. उंची, बांधा, चाल, बोलण्याची धाटणी, दात, कान, भुवया, कुठं व्रण. कपडे आणि टोपीही लिहा, पण लक्षात ठेवा की ते बदलणारच. अंधार किती होता, किती अंतरावरून पाहिलं, किती वेळ, तेही लिहा. नंतर कोर्टात उलटतपासणीत हेच विचारतात.

ग्रुपवर संशयिताचा फोटो फिरत असेल तर तो उघडू नका. एकदा पाहिला की तुमची आठवण त्यात मिसळली. पोलीस संशयिताचं तोंड काळ्या कापडाने झाकून का आणतात, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. लोकांना वाटतं, चोराची कसली लाज राखायची? ते साक्षीदाराच्या डोळ्यांसाठी असतं. परेडआधी चेहरा दिसला असं सिद्ध झालं तर परेडला काही किंमत राहत नाही.

परेड सहसा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, म्हणजे बऱ्याचदा तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांसमोर होते. संशयितासोबत साधारण त्याच वयाची, त्याच बांध्याची माणसं उभी करतात. तपास करणाऱ्या पोलिसांनी तिथं थांबायचं नसतं. जितका उशीर तितका संशय, असं न्यायालयं मानतात, कारण दोन महिन्यांत आठवणही विटते आणि संशयिताचं रूपही. सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे की परेडमधली ओळख ही तपासाला मदत करणारी, जोड देणारी गोष्ट आहे, मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात दिलेली साक्ष.

आणि ओळख पटली नाही तर सरळ "यांत तो दिसत नाही" म्हणा. त्यात लाज नाही, त्यासाठी कुणी तुमच्यावर केस करत नाही. रांगेतला त्यातल्या त्यात जवळचा वाटणारा माणूस निवडायचा मोह होतो. त्या रांगेत खरा चोर नसूही शकतो.

वारीत, जत्रेत माणूस चुकला तर

पंढरपूरच्या वारीत पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. हजारो आजोबा एका रूपात. तिथं चुकामूक झाली आणि पोलीस मदत केंद्रावर तुम्ही मोबाइलमधला लग्नातला फेटा बांधलेला फोटो दाखवला, तर परक्या स्वयंसेवकाला त्यातून काही बोध होत नाही. निघतानाच सकाळी, त्याच कपड्यांत, एक फोटो समोरून आणि एक बाजूने काढून ठेवा. म्हाताऱ्यांचा आणि लेकरांचा तर काढाच. खिशात नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी, जमल्यास प्लॅस्टिकमध्ये, कारण पाऊस असतोच.

घरातलं कुणी बेपत्ता झालं आणि पोलिसांत तक्रार दिली, तर एका फोटोवर थांबू नका. दाढीसह, दाढीविना, चष्म्यासह, हसताना, गंभीर, असे चार-पाच वेगवेगळे फोटो द्या. शिवाय जन्मखूण, व्रण, गोंदण, पडलेला दात लिहून द्या. बरेच महिने गेले असतील तर केस वाढलेले, अंग झडलेलं असणार हे धरूनच शोधणाऱ्यांना सांगा. लहान मुलासाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.